पाप अर्धं-अर्धं होतं का?



संसारात कुणाचं पाऊल घसरलं की आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: टाळी एका हातानं वाजत नाही. नवऱ्याचं बाहेर काही असल्याचं कळलं, तर म्हणतात, तिनंच त्याच्याकडे लक्ष दिलं नसेल. बायकोचं काही कळलं, तर मात्र टाळीचा दुसरा हात शोधायला कुणी जात नाही. तेव्हा म्हणतात, "तिले काय कमी होतं घरात?" म्हणजे दोन्ही वेळा बोट बाईकडेच.

दशलक्षणात सहाव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय झाला, तेव्हा स्वाध्यायाला आलेल्या एका काकूंनी हा विषय काढला. त्या म्हणाल्या, "नवऱ्यानं वर्षानुवर्षं बायकोकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि ती दुसऱ्याच्या गोड बोलण्याला भुलली, तर पाप कुणाचं? दोघांचं अर्धं-अर्धं धरायचं ना?" काही जणी हो म्हणाल्या, काही नाही म्हणाल्या, काही नुसत्या मान खाली घालून बसल्या. मान खाली घालणाऱ्यांसाठी मला हे लिहावंसं वाटलं.

आधी दुर्लक्ष म्हणजे काय ते बघू. मारझोड, शिवीगाळ ही वेगळी गोष्ट; ती निदान दिसते तरी. दुर्लक्ष दिसत नाही. चिचगडसारख्या गावात दुकानदाराचा दिवस कसा जातो ते आपल्याला माहीत आहे. सकाळी दर्शन झालं की दुकान. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून लोक येतात, त्या दिवशी तर मान वर करायला फुरसत नसते. उन्हाळा लागला की मोहफूल, मग तेंदूपत्ता, दिवाळीच्या सुमारास धान. प्रत्येक वेळी एकच वाक्य, "एवढा सीझन जाऊ दे." सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून तो साडेपाचला घरी येतो, पण गल्ल्यावर नोकर बसवून आलेला असतो, म्हणून दहा मिनिटांत ताट संपवून परत जातो. रात्री येतो तेव्हा मुलं झोपलेली, बायको थकलेली, आणि त्याच्या डोक्यात उधारीची वही. तो कष्टाळू असतो, व्यसन नसतं, घरात काही कमी पडू देत नाही. तरी अशी दहा वर्षं गेली की एखाद्या दुपारी तिच्या लक्षात येतं, आपण कशा आहोत हे आपल्याला कुणी विचारून कितीतरी दिवस झाले.

बायकाही दुर्लक्ष करतात, तेही बोलायला हवं. पहिलं मूल झालं की नवरा घरातला पाहुणा होतो. त्याचं दुकान बुडालं, कर्ज झालं, तो रात्र-रात्र जागा असतो, आणि तिला ते महिनाभरानं जावेकडून कळतं. कधी कधी धर्माचीही आड घेतली जाते. उपवास, पूजा, विधान यांत दिवस भरून टाकायचा आणि त्याच्याशी बोलायला एक तास ठेवायचा नाही. काही घरांत तर एकानं ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेलं असतं आणि दुसऱ्याला ते नुसतं कळवलेलं असतं. हे व्रत संसारातल्या माणसांनी जोडीनं, एकमेकांना विचारून घ्यावं, असं मोठी माणसं सांगत आली आहेत, ते उगीच नाही.

पूर्वी एकट्या पडलेल्या माणसाला विहिरीवर, ओसरीवर कुणीतरी भेटायचं. आता हातात मोबाइल आहे. कुणी जुना वर्गमित्र, कुणी लांबचा नातेवाईक, कुणी दुकानात माल देणारा. सुरुवात साधीच असते, "जेवलीस का?" ज्या घरात हे दोन शब्द कुणी विचारत नाही, तिथे ते दोन शब्द फार मोठे होतात. आणि पुरुषांचंही तसंच आहे. घरी ज्याला कुणी ऐकत नाही, त्याला ऐकून घेणारी कुणी भेटली की तो थांबतो. इथपर्यंत बहुतेकांना दुसऱ्याची कणव येते, आणि यावी. प्रश्न पुढचा आहे. ही कणव हिशेबात कुठे लिहायची?

ओळखीतल्या एका घरात असंच झालं. गाव सांगत नाही. बायकोचे एका माणसाशी चाललेले मेसेज नवऱ्याच्या हाती लागले. भेटीही झाल्या होत्या. दोन्हीकडची मोठी माणसं बसली. बोलता बोलता नवऱ्याचं वागणंही बाहेर आलं. तिच्या आजारपणात तो एकदाही दवाखान्यात गेला नव्हता, बारा वर्षांत तिला घेऊन कुठे दोन दिवस गेला नव्हता. शेवटी थोरले काका म्हणाले, "दोघांचीही चूक आहे, अर्धी-अर्धी. आता विषय बंद." सगळ्यांना बरं वाटलं. मुलांसाठी घर वाचलं.

पण विषय बंद झाला नाही. सहा महिन्यांनी तो म्हणायचा, "मी दुकानात राबत होतो, म्हणून तू काहीही करणार?" ती म्हणायची, "तुम्ही माणसात असता तर झालं असतं का?" दोघंही आपली अर्धी चूक दुसऱ्याच्या अर्ध्या चुकीनं फेडत होते. बरोबरी झाली म्हणजे देणं संपलं, असं दोघांनाही वाटत होतं. त्यामुळे त्यानं दुकानाची वेळ बदलली नाही, आणि तिला आपण काय केलं याची टोचणी लागली नाही. काकांचा हेतू चांगला होता, पण त्या 'अर्धी-अर्धी'नं दोघांनाही सुटका दिली.

आपल्या घरांत वही काय असते हे लहानपणापासून माहीत असतं. भागीदारीत नफा-तोटा वाटून घेता येतो. पण रामलालकडची उधारी श्यामलालच्या पानावर लिहिता येत नाही, दोघं सख्खे भाऊ असले तरी. आपलं शास्त्र कर्माचा हिशेब भागीदारीसारखा ठेवत नाही. प्रत्येक जीवाचं पान वेगळं. जो बांधतो तोच भोगतो. नवऱ्याचं कर्म बायको वाटून घेऊ शकत नाही, बायकोचं नवरा घेऊ शकत नाही, भगवंतही आपल्या पानावरचा आकडा कमी करत नाहीत.

मग काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी वाचलेल्या सहाव्या अध्यायातच होतं. जपमाळेत १०८ मणी का, हे सांगताना आपण तेच गणित सांगतो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, झाले १०८. पाप किती वाटांनी आत येतं ते मोजायला हे गणित आहे. यात एकाच पापाचे १०८ तुकडे करून लोकांत वाटलेले नाहीत. करणाऱ्याचं करण्याचं, करवणाऱ्याचं करवण्याचं, मान डोलावणाऱ्याचं मान डोलावण्याचं, प्रत्येकाचं आपापलं आणि पूर्ण.

आता आपल्या विषयाला हे लावून पाहा. जिचं किंवा ज्याचं पाऊल घसरलं, त्याचं 'कृत'. स्वपतिसंतोष, स्वदारसंतोष हे आपलं चौथं अणुव्रत. ते ज्यानं मोडलं त्याच्या पानावर ते पूर्ण लिहिलं गेलं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडकात या व्रताची व्याख्या करताना एक बारकावा ठेवला आहे. पापाच्या भीतीनं जो स्वतः जात नाही आणि दुसऱ्यालाही जायला लावत नाही, त्याचं हे व्रत. म्हणजे निरोप पोचवणारी मैत्रीण, "काही होत नाही गं" म्हणून भेट ठरवून देणारी वहिनी, यांचं 'कारित'. आणि मुलाचं बाहेर काय चाललंय हे माहीत असून सुनेला "पुरुषाची जात अशीच असते" असं सांगणारी सासू, किंवा मित्राच्या भानगडीवर हसून टाळी देणारे मित्र, यांची 'अनुमोदना'. समाजात आपण यांचा हिशेब कधी मागतच नाही.

आणि दुर्लक्ष करणारा? मला वाटतं, तो या तिन्हींत बसत नाही. दुर्लक्ष करणाऱ्यानं बायकोला कुणाकडे पाठवलेलं नसतं, त्याची संमतीही नसते. म्हणून 'तुझ्यामुळे झालं' हे शास्त्राच्या हिशेबात बसत नाही. पण म्हणून त्याचं पान कोरं राहत नाही. त्याच्या पानावर दुसरी नोंद आहे, प्रमादाची. सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्याच प्रमादावर उभी आहे. बेसावधपणानं कुणाच्या प्राणाला पीडा होते, ती हिंसा. प्रमाद हा मुळात आत्म्याच्या सावधपणाबद्दलचा शब्द आहे, मी तो घरापर्यंत आणते आहे. पण ज्या घरात पाणी गाळून घेतात, मुंगी चुकवून पाय टाकतात, तिथे शेजारी झोपणाऱ्या माणसाचं मन रोज दुखतंय हे न दिसणं सावधपणा कसा म्हणायचा? आणि ते दुर्लक्ष गल्ल्याच्या लोभानं असेल, किंवा 'मी कमावतो, मला कोण विचारणार' या मानानं असेल, तर कषायही आलाच. ही नोंद बायको घसरली म्हणून होत नाही. ती घसरली नसती, जन्मभर गप्प राहिली असती, तरी ही नोंद तशीच राहिली असती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे दुर्लक्षाची चौकशी भानगड झाल्यावरच होते.

निमित्त आणि उपादान यांची चर्चा आपण ऐकतो. ठिणगी निमित्त, पण ओलं लाकूड पेटत नाही. एकटेपण हे निमित्त आहे, कधी फार मोठं निमित्त. व्रत मोडणारे परिणाम मात्र आपल्याच जीवाचे. निमित्ताला दोष देऊन कुणाची निर्जरा झालेली नाही.

अंजनेची गोष्ट आपल्याला लहानपणापासून सांगितली जाते. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात ती सविस्तर आहे. लग्नाआधी पवनंजयानं लपून ऐकलं, की अंजनेची एक सखी त्याला नावं ठेवतेय आणि विद्युत्प्रभाचं कौतुक करतेय. अंजना गप्प राहिली, एवढ्यावरून त्यानं मनात गाठ बांधली. लग्न केलं आणि बावीस वर्षं तिच्याकडे पाहिलं नाही. पुढे युद्धाला जाताना वाटेत सरोवरकाठी चक्रवाकी विरहानं तळमळताना दिसली, तेव्हा त्याला उमगलं. तो रात्रीच गुपचूप परत आला, तिला भेटला आणि पुन्हा निघून गेला. तिला दिवस गेले. सासू केतुमतीनं खुणेचे दागिने पाहूनही विश्वास ठेवला नाही, कलंक लावून घराबाहेर काढलं. माहेरी बापानंही दार उघडलं नाही. वसंतमालेच्या सोबतीनं ती रानात गेली आणि गुहेत हनुमानाचा जन्म झाला.

ही गोष्ट आपण मुलींना सांगतो, आणि सांगताना एवढंच सांगतो, की बघ, बावीस वर्षं नवऱ्यानं पाहिलं नाही तरी ती ढळली नाही. खरंच आहे, तिच्या पानावर तेच लिहिलं आहे. पण पुराणकारांनी पवनंजयाचं पान कोरं सोडलेलं नाही. तो परत आल्यावर अंजना घरात नाही हे कळतं, तेव्हा तो रानोरान तिला शोधत फिरतो, मरायला निघतो. केतुमतीलाही पश्चात्ताप होतो. तिची शीलाची कसोटी आणि त्याचं दुर्लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून कथा पुढे चालते. बावीस वर्षांच्या दुर्लक्षाची गोष्ट मुलांना आणि सासवांनाही सांगायला हवी. दशलक्षणात पाठशाळेतल्या मुलांकडून पवनंजयाचं नाटक का बसवून घेऊ नये?

दुसरी गोष्ट यशोधर राजाची. उज्जैनीच्या या राजाची राणी अमृतमती महालातल्या एका कुरूप माहुतावर भाळली. राजानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि तलवार उगारली, पण मारलं नाही. मनातलं दुःख आईला वेगळ्याच कारणाखाली सांगितलं, आईनं बळी द्यायला सांगितलं, आणि त्यानं पिठाचा कोंबडा करून देवीला दिला. पुढे राणीनं दोघांना विष घातलं. मायलेक किती जन्म पशुयोनीत फिरले ते आपण ऐकलं आहे. लक्षात घ्या, त्याचे ते जन्म राणीच्या पापानं आलेले नाहीत. राणीचं राणीला भोगावं लागलं. त्याला भोगावं लागलं ते त्यानं स्वतः केलेल्या संकल्पी हिंसेचं, कोंबडा पिठाचा असला तरी. ज्याचा विश्वासघात झाला, त्याचंही पुढचं वागणं त्याच्या नावावर लिहिलं जातं.

हाच धडा आपल्या राज्यातल्या एका गाजलेल्या खटल्यात दिसतो. आजच्या आज्या तरुण असताना घराघरांत त्याची चर्चा होती. नौदलाचे कमांडर कावस नानावटी वारंवार बोटीवर असत, पत्नी सिल्व्हिया तीन मुलांसह मुंबईत. त्या काळात प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी सिल्व्हियांची ओळख वाढली आणि संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी नवऱ्याला ते सांगितलं. नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजांच्या घरी गेले. गोळ्या झाडल्यावर ते स्वतःच पोलिसांकडे हजर झाले. ज्युरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूला होती. उच्च न्यायालयानं मात्र जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. पुढे नानावटी कुटुंब कॅनडाला गेलं. खटल्यात सिल्व्हियांनी नवऱ्याच्या बाजूनं साक्ष दिली होती आणि पुढचं आयुष्य दोघांनी एकत्रच काढलं.

बोटीवर जाणं हे नानावटींचं कर्तव्य होतं, त्याला दुर्लक्ष म्हणता येत नाही. दूर असणं आणि जवळ असून लक्ष नसणं यांत फरक आहे. पण ज्युरीनं आणि लोकांनी काय केलं पाहा. आहुजाचं पाप नानावटींच्या पानावर जमा धरलं आणि खुनाचा आकडा फेडून टाकला. सर्वोच्च न्यायालयानं पानं वेगळी केली. बायकोनं सांगितल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते, मन ताब्यात आणायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयानं म्हटलं. तुझ्यावर अन्याय झाला हे खरं, पण मधल्या तीन तासांत तू जे केलंस ते तुझं. आपल्या भाषेत सांगायचं तर निमित्त कितीही मोठं असलं, तरी उपादान आपलं.

कायद्याचाही प्रवास असाच आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ मध्ये परपुरुषालाच शिक्षा होती, बाईला नाही. वरवर ते बाईच्या बाजूचं वाटायचं, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, असं तेच कलम सांगायचं. म्हणजे बाई ही नवऱ्याची मालमत्ता, दुसऱ्यानं हात लावला तर चोरी. मुंबईच्या एका खटल्यात १९५४ साली ते कलम टिकलं होतं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं ते रद्द केलं. असा संबंध हे दुःखी संसाराचं कारण असतोच असं नाही, कधी तो दुःखी संसाराचा परिणाम असतो, असंही त्या निकालात सरन्यायाधीशांनी म्हटलं. बऱ्याच जणींना वाटतं, आता सगळं मोकळं झालं. तसं नाही. तुरुंग गेला, पण घटस्फोटाचं कारण म्हणून ते तसंच आहे.

आपल्याला लागू असलेला कायदा म्हणजे १९५५ चा हिंदू विवाह कायदा. जैनांनाही तोच लागू आहे. त्याच्या कलम १३ मध्ये व्यभिचार हे एक कारण आहे आणि दोन वर्षं सोडून देणं हे दुसरं. आणि 'सोडून देणं' याच्या स्पष्टीकरणात जाणूनबुजून केलेलं दुर्लक्षही धरलं आहे. म्हणजे कायद्यानंही दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या. कलम २३ आणखी पुढे जातं. मागणारा स्वतःच्या दोषाचा फायदा तर घेत नाही ना, त्या व्यभिचाराला त्यानं हातभार तर लावला नव्हता ना, डोळेझाक तर केली नव्हती ना, माफ तर केलं नव्हतं ना, हे न्यायालयानं पाहायचं असतं. वाचताना मला कारित आणि अनुमोदनाच आठवले.

मग घरात हे झालंच, तर करायचं काय? आधी एक सांगते. मारहाण, धमकी, घराबाहेर काढणं असं काही असेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित व्हा. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. "तिनंच काहीतरी केलं असेल" हे हात उचलण्याचं कारण होऊ शकत नाही.

तसं नसेल, तर क्षमावाणीला आपण जे करतो तेच नीट करायचं. वर सांगितलेल्या घरात शेवटी एका आत्यांनी ते करून घेतलं. दोघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "आपापलं सांगा. वाक्यात 'पण' आला की मी थांबवीन." तो तीन वेळा अडखळला. "मी दवाखान्यात आलो नाही, पण..." "थांब." शेवटी तो म्हणाला, "मी आलो नाही. यायला हवं होतं." एवढंच. तिला जास्त वेळ लागला. "मी तुमच्याशी खोटं बोलले. मी व्रत मोडलं." त्यानंतर दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. आज त्यांचं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. त्याला अजून शंका येते, ती अजून त्या बारा वर्षांचा राग काढते. पण दुपारी तासभर दुकान बंद असतं, आणि तिनं तो नंबर काढून टाकला आहे. 'तुझी अर्धी' हे वाक्य त्या घरात आता बोललं जात नाही.

क्षमा केली म्हणजे एकत्र राहिलंच पाहिजे, असंही नाही. क्षमा आपल्या मनातला कषाय सोडण्यासाठी आहे. त्यानंतर राहायचं की वेगळं व्हायचं, हा वेगळा विचार, आणि तो शांतपणे, माहेरच्या-सासरच्या दबावाशिवाय करायचा. जिच्या नवऱ्याचं बाहेर होतं, तिनं "माझंच काही चुकलं असेल" म्हणून त्याचं कर्म स्वतःच्या पानावर लिहून घेऊ नये. स्वतःचा प्रमाद असेल तर तो जरूर पाहावा, आलोचना करावी. पण त्याचं ते त्याचंच.

आणि आपण बाहेरच्या बायका? आपलंही पान आहेच. कुणाच्या घरातली अशी गोष्ट कानावर आली, की ती दुसऱ्या घरी पोचवण्याआधी आपण आपल्या जिभेचा हिशेब करावा. वचनानंही पाप बांधलं जातंच. टाळीचा हात शोधायचाच असेल, तर नवरा चुकला तेव्हाही आणि बायको चुकली तेव्हाही सारख्याच कसोटीनं शोधावा. सासू झालेल्या मैत्रिणींनी मुलाला झाकू नये. आणि घरात नवीन सून असेल, तर संध्याकाळी साडेपाचच्या त्या जेवणाला मुलाला दहा मिनिटांऐवजी अर्धा तास बसायला सांगा. गल्ल्यावर तोवर सासरे बसतील. मोबाइल दोघांचेही आतल्या खोलीत ठेवा, आणि ताटं वाढून झाली की तुम्हीही जरा बाहेर ओसरीवर जाऊन बसा.

जय जिनेंद्र.